खुर्चीतला सूर्य

विश्वाच्या केंद्रस्थानी बसण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. मला तो गेल्या मंगळवारी मिळाला, तोही गालाला फेस फासलेल्या अवस्थेत.

बारा वाजता पेन्शनच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. जुन्या सगळ्या कागदांवर मी मिशीसकट आहे. म्हणून न्हाव्याला बजावलं होतं की दाढी कर, मिशीला नुसता आकार दे. चाळीस वर्षं सांभाळलेली मिशी. घरात माझं ऐकणारी तेवढीच.

एवढ्यात न्हाव्याच्या दोन मुली सकाळच्या शाळेतून थेट दुकानात आल्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, मग ती त्याच्यात पडत कशी नाही, यावर धाकटीचं घोडं अडलं होतं. आता या न्हाव्याचा एक नियम आहे. वस्तरा उचलला की दाढी पुरी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. गप्पा, भांडणं, शंकानिरसन, सगळं चालत्या हाताने. त्याने मला सूर्य केलं आणि थोरलीला पृथ्वी. टॉवेलचं एक टोक खुर्चीच्या दांड्याला बांधलं, दुसरं थोरलीच्या हातात दिलं आणि तिला पळायला सांगितलं.

खुर्ची फिरती. पृथ्वीपाठोपाठ सूर्य गरगरू लागला आणि सूर्यापाठोपाठ वस्तरा घेऊन न्हावी.

“पडतेच आहे ती,” तो धाकटीला म्हणाला. “पण आडवी इतकी पळते, की दर वेळी सूर्य हुकतो.”

टॉवेल म्हणजे सूर्याची ओढ, हे धाकटीला पटलं. मी बारीक आवाजात मिशीची आठवण करून दिली. सूर्याने मधे बोलायचं नसतं, असं थोरलीने पळता पळता सुनावलं.

मग धाकटीने विचारलं, टॉवेल सुटला तर?

थोरलीने उत्तरादाखल तो सोडला. गोल जायची ती सरळ सुटली आणि थेट बापाच्या कोपरावर आदळली.

आरशात माझी डावीकडची मिशी नव्हती.

“बघितलंस?” न्हावी धाकटीला म्हणाला. “सरळ गेली.”

धाकटीचं पूर्ण समाधान झालं. घड्याळात पावणेबारा वाजले होते. मी, साऱ्या ग्रहमालेचा धनी, घसा खाकरून म्हणालो,

“बाबा रे, आता उरलेली अर्धीही काढ. फक्त आधी खुर्ची धर.”