येतो, साहेब

"लीव्ह म्हंजे?" राजेश्रीने भाकरी थापता थापता विचारलं.

"सोडून जाणं."

"डिपार्ट?"

"गाडी सुटणं. स्टेशनातल्या बोर्डावर लिहितेत ते."

"अन् साहेबाच्या खोलीतून निघताना काय म्हनायचं?"

इथंच तर भुजंगचं घोडं पेंड खात होतं.

बावीस वर्षं रुळांवर हातोडा मारून त्याचे गुडघे कामातून गेले होते. पूर्णा जंक्शनात झेंडी दाखवणाऱ्या पॉइंट्समनची जागा मिळाली नाही, तर उरलेली आठ वर्षंही उन्हात रूळ तपासतच काढायची होती. गेल्या साली त्या जागेसाठी तोंडी परीक्षा झाली. उत्तरं बरी आली, पण उठताना गडी अदबीनं म्हणाला, "आय अ‍ॅम कमिंग, सर." साहेबांना वाटलं, हा परत येणार. पाच मिनिटं वाट पाहून त्यांनी शिपायाला पाठवलं, तर स्वारी टपरीवर चहा पीत होती. 'इंग्रजी कच्चे' असा शेरा पडला आणि रुळांवर काम करणारी सगळी गँग त्याला 'कमिंगराव' म्हणू लागली. भुजंग हसायचा, पण त्याला ते फार लागलं होतं.

राजेश्री बारावी शिकलेली. रोज संध्याकाळी ती त्याच्याकडून 'आय अ‍ॅम लीव्हिंग' घोटून घ्यायची. पण सकाळी डबा उचलताना त्याने तेच म्हटलं, की तीच कडाडायची, "घरातून निघताना असलं अभद्र बोलायलाव? येतो म्हना आधी!" मग तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी राहायची. रुळांवर काम करणाऱ्याची बायको ती, माणूस धड परत येईल ना ही धास्ती रोजचीच; तिला तरी काय बोलणार?

यंदाही परीक्षेला तेच साहेब होते.

"लीव्ह आणि डिपार्ट. फरक सांगा."

"साहेब, डिपार्ट गाडी व्हते. तिचा टायम लिहून ठेवतेत." भुजंग पुढं म्हणाला, "लीव्ह मानूस करतो. त्याच्यामागं कुनीतरी दारात उभं ऱ्हातं."

साहेबांनी चष्मा काढला. पुस्तकातलं उत्तर हे नव्हतं, पण त्यांनी ते खोडलंही नाही.

"बरं. निघा आता," ते म्हणाले. गेल्या सालची गंमत आठवून ओठांवर हसू होतंच.

भुजंग ताठ उभा राहिला. "आय अ‍ॅम लीव्हिंग, सर. इंग्लिशमदी हेच म्हनतेत, मला ठाव हाय. पर आमच्यात निघताना जातो म्हनत न्हाईत. येतो, साहेब."

साहेबांचं हसू मावळलं. ते खुर्चीतून उठले.

"या," ते म्हणाले.

महिन्याभराने यादी लागली. भुजंगचं नाव पहिलं होतं. गँगने त्याला खांद्यावर घेऊन 'कमिंगराव की जय' म्हणत अख्खा फलाट पालथा घातला, आणि या वेळी तो मनापासून हसला.

नव्या कामाचा पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या. उंबऱ्यात तो थांबला.

"येतो."

"या," राजेश्री म्हणाली.

कोपऱ्यावर त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. दार रिकामं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.