मुक्काम ठरवणारी घागर

शप्पथ! गळ्याची शप्पथ घेते, कारण घागरीला गळ्यावाचून मोलाचं दुसरं असतंच काय? खंडोबाची घेते, शहागंजच्या घड्याळाची घेते. आता सांगते त्यातला शब्दन् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर मला वितळवा आन माझ्या नळाच्या तोट्या करा!

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे.

तांबटानं मला घडवलं तेव्हा त्याच्या हातोड्याचा आवाज सात गल्ल्यांत जायचा. एकदा खुलताबादच्या घाटात मी बैलगाडीतून निसटले. गडगडत गडगडत निघाले ती थेट शहागंजात येऊन थांबले. आन पोटातलं पाणी? एक थेंब सांडला नाय. हसता काय? शप्पथ घेतलीय न्हवं!

शहागंजातल्या एका लॉजवाल्यानं मला उचललं आन दारातल्या तिवईवर बसवलं. चार खोल्यांचा लॉज. वेरूळ बघायला आलेले, बाजाराला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, समदे आधी माझ्यापाशी थांबायचे. आधी पाणी, मंग खोली. भर वैशाखात माझं पाणी इतकं गार की एका पाव्हण्याचे दात कडकड वाजले आन कवळी पेल्यात पडली! लॉज सांभाळणारी आशाबाई मला चिंच लावून घासायची. मी अशी लखलखायचे की बाया माझ्यात बघून कुंकू नीट करायच्या.

मंग शहर वाढलं. जालना रोडला उंच उंच हॉटेलं झाली. पाव्हणे तिकडं वळले. शहर वाढलं तसा पाऊस आटला. लातूरला आगगाडीनं पाणी गेलं ना, त्याच्या तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा सांगते. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. महिनाभर आमच्या दारात गिऱ्हाईक नाय. लॉजचा मालक काकासाहेब एक दिवस आला आन उभ्याउभ्याच म्हणाला, "आशाबाई, शनिवारपर्यंत एकबी खोली लागली नाय तर मी कुलूप घालणार."

आशाबाई तिथंच राहायची. जिन्याखालची खोली सोडली तर तिला दुसरं छप्पर नव्हतं. "शनिवार लांब हाय अजून," ती म्हणाली. तो दिवस शुक्रवार होता.

त्या शुक्रवारी दुपारी गल्लीत एक म्हातारा आला. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नाव मल्हारराव. जन्म मेंढरामागं गेलेला, आन आता डोळे चाललेले. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत दिसंल तेवढं दिसंल. त्याची नात योगिनी मुंबईला नोकरीला लागली होती. तिनं विचारलं, "आज्या, डोळे हायत तवर काय बघायचं?" हा म्हणाला, "आयुष्य पाणी हुडकण्यात गेलं. जिथं हुडकावं लागत नाय असं पाणी एकदा बघायचंय." तिनं आजा-आजीची मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. शनिवारी पहाटेची मुंबईची गाडी, आयतवारी जहाज. राहता राहिली मधली एक रात. ती कुठं काढायची?

सोपं वाटतं ना? सोपं नव्हतं. त्याची बायको मंजुळाबाई एका शब्दावर अडून बसली होती.

"पाण्याबिगर मुक्काम नाय. आधी पाणी बघायचं, मंग ओझं उतरवायचं. नाय तर चारच्या यष्टीनं माघारी."

तिचंबी खोटं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात एकदा त्यांनी अंधार पडतोय म्हणून कोरड्या नाल्यात मेंढरं बसवली होती. उजाडेपर्यंत चाळीस कोकरं तहानेनं गेली. तवापासून तिनं पाणी न बघता कुठं पाठ टेकली नव्हती.

आधी दोघं पुंडलिकनगरात पुतण्याकडं गेले. तिथं न्हाणीत चार बादल्या, चारीवर झाकणं, झाकणांवर दगड. सूनबाईनं हसून पाणी दिलं, पण पेला भरल्या भरल्या झाकणावर दगड परत ठेवला. मंजुळाबाईनं अर्धा घोट घेतला आन पेला परत दिला. "लेकराबाळांचं हाय, राहू दे."

मंग जालना रोडला. मल्हाररावाला नीट दिसत नव्हतं. पाणी किती हाय हे तो भांडं वाजवून ओळखायचा. मेंढपाळाची जुनी रीत हाय ती. पण हॉटेलांच्या टाक्या प्लास्टिकच्या, बोट मारलं तर आवाजच नाय. तिसऱ्या हॉटेलावर वॉचमन धावला, "ओ बाबा, टाकी काय टरबूज हाय का?"

"टरबूज असतं तर खरं तरी बोललं असतं," मल्हारराव म्हणाला.

तीन वाजले. चारची यष्टी डोक्यावर. अशात तो माझ्यासमोर उभा राहिला. मंजुळाबाई गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्याशी भांडत होती.

माझ्या पोटात तवा किती पाणी होतं सांगू? एक पेला. गाळासकट.

आशाबाईनं हात जोडले. "या भाऊ, या. खोली रिकामी हाय."

"पाणी?"

आशाबाई जन्मात खोटं बोलली नव्हती. "हाय की," ती म्हणाली. "भरपूर."

मल्हाररावानं बोट वाकवलं. आता मला वाजवणार! भरली घागर वाजती धप्प, रिकामी वाजती ठण्ण्. मित्रांनो, तांब्याला श्वास नसतो म्हणतात. पण मी रोखला! काठ आवळला, बूड ताठ केलं, जन्मभर प्यालेलं समदं पाणी आठवलं. त्यानं टिचकी मारली, आन मी वाजले, धप्प!

"मंजुळे," तो ओरडला, "काठोकाठ हाय! ये, मुक्काम इथंच!"

ओझं उतरलं. चारची यष्टी गेली. आशाबाईनं भिंतीला पाठ लावली आन डोळे मिटले.

मंग मंजुळाबाईनं पेला घेऊन मला वाकवलं.

एक पेला आला. मंग गाळ आला. मंग काहीच नाय.

"काठोकाठ, व्हय?" मंजुळाबाई म्हणाली. मोठ्यानं नाय, हळूच. ते जास्त वाईट. "अवं, तुमी अंगठा लावून मेंढीच्या पोटातली कोकरं मोजता. अन् ही घागर तुम्हाला फसवती?"

आशाबाई तिथंच जिन्यावर बसली आन पदर तोंडात कोंबून रडायला लागली. "मी खोटं बोलले बाई. उद्या कुलूप पडंल. मी कुठं जाऊ?"

मंजुळाबाईनं घोंगडी उचलली. "सहाला अजून एक यष्टी हाय. चला."

"मंजुळे, दिवाळीनंतर मला तुझं तोंडबी दिसणार नाय. त्याआधी एकदा—"

"माझं तोंड काय बघायचं? चाळीस कोकरांची तोंडं मला अजून दिसत्यात!"

मंजुळाबाई तरातरा निघाली. गल्लीच्या वळणावर एक शेळी होती. एका जुन्या दगडी खांबाचं बूड चाटत होती. या शहराखालून जुन्या काळची नहर जाती, आन तिचं पाणी वर चढवायचे दगडी खांब गल्लीगल्लीत उभे हायत. बंबे म्हणतात त्यांना. आता बहुतेक कोरडे, लोक त्यांच्याशी कचरा टाकतात.

मंजुळाबाई थबकली. किती तरी वेळ शेळीकडं बघत राहिली. मंग माघारी आली, घोंगडी टाकली आन मला काखेत मारलं.

"अवं उठा! शेळी उगाच दगड चाटत नसती."

दोघी बायांनी कचरा उपसला. आधी पिशव्या, मंग विटा, मंग चिखल. आशाबाईचं नख निघालं तरी ती थांबेना. मल्हारराव जमिनीला कान लावून सांगत होता, "डावीकडं... अजून डावीकडं." आन एक धार आली, मित्रांनो. धार कसली, सुताएवढी. मंजुळाबाईनं मला तिच्याखाली धरलं. टप, टप, टप. गल्ली कळश्या घेऊन धावली. मंजुळाबाईनं काठी आडवी धरली, "एक झाली की दुसरी! आन पहिली शेळीला!"

दिवे लागेपर्यंत मी भरले. काठोकाठ. या बारीला खरीखुरी.

"आता मुक्काम," मंजुळाबाई म्हणाली.

पहाटे दोघं मुंबईला गेले. शनिवारी काकासाहेब आला, तर वहीत नाव होतं. कुलूप खिशातच राहिलं.

चार दिवसांनी दोघं परतीला दारात थांबले. आशाबाईनं विचारलं, "दिसला का भाऊ, समुद्र?"

"दिसला," मल्हारराव म्हणाला. "धूसर, पण दिसला. साऱ्या मुलखाची मेंढरं एका वख्ताला पाजली असती बाई." मंजुळाबाई मधीच बोलली, "किनाऱ्यावर ओंजळ भरून चाखलं आन थुंकले. तिथल्या सायबाला म्हणले, एवढ्या पाण्यात मीठ कालवायचा शहाणपणा कुणी केला?"

पुढं एक वरीसबी गेलं नसंल, मोठ्या आजाराची बंदी आली. कुणी कुठं जाईना. काकासाहेबानं ते कुलूप लावलंच. आशाबाई भाचीकडं गेली. भाचीच्या ओट्यावर माझ्यापुरती जागा नव्हती. जाताना तिनं मला चिंच लावून घासलं, नेहमीपेक्षा जास्त येळ.

आता मी एका चकाचक हॉटेलात आहे. माझ्या पोटाला भोकं पाडलीत आन आत दिवा लावलाय. पाव्हणे येतात, मोबाईलवर बघून खोली ठरवतात, माझा फोटो काढतात. पाणी हाय का, असं कुणी विचारत नाय. आन विचारलं तरी मी काय सांगू? माझ्या पोटात आता पेलाभरबी टिकणार नाय.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतला बंबा कचऱ्यानं बुजवू नका. माळ्यावर माझी एखादी बहीण असंल तर खाली काढा, भरा, दारात ठेवा. वाटसरू कुठून कुठं निघालाय, आपल्याला काय ठावं?

आता जाता जाता एक. घाटातून गडगडत आले ते खरं. कवळी पडली तेबी खरं. फक्त ते धप्प... ते मी घुसडलं. तांब्याला खोटं वाजता येत नाय. मी खणखणीत ठण्ण् वाजले होते, देवळाच्या घंटेगत. आशाबाईनं ऐकलं. मल्हाररावानं ऐकलं. त्यानं झटकन आपला पंजा माझ्या पोटावर दाबून धरला, माझा आवाज विझेपर्यंत. मंग तो गल्लीच्या तोंडाकडं वळून ओरडला, "मंजुळे, काठोकाठ हाय! ये!"