महापौर टॉलिव्हर आणि विषय क्रमांक सात

मुरलीधरराव तीन महिन्यांच्या व्हिसावर आखातात, खलिफा सिटीत मुलाकडे आले, तेव्हा त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. मुलगा निनाद सकाळीच मुसफ्फा भागातल्या वर्कशॉपला जाई, नात अस्मी शाळेला, आणि सून अनुराधा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मेलेल्या अमेरिकन महापौरांची चरित्रं लिही. तिकडच्या एका छोट्या शहराला वेबसाइटवर आपले सगळे जुने महापौर हवे होते. प्रत्येकी दोनशे शब्द, खाली संदर्भ.

"बाबा, हा टॉलिव्हर माझा जीव खातोय," एके दिवशी अनुराधा म्हणाली. "अठराशे चौऱ्याहत्तर ते शहात्तर मेयर. शेगड्यांचं दुकान होतं, मोठ्या मिशा होत्या, खलास! दोनशे शब्द कुठून आणू? आज डेडलाइन आहे."

"सभांची इतिवृत्तं नाहीत का?"

होती. हाताने लिहिलेली, स्कॅन केलेली, कुणी न उघडलेली. मुरलीधररावांनी चष्मा पुसला. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत चौतीस वर्षं ते सभा लिपिक होते. अकरा नगराध्यक्ष आपल्या हाताखालून गेले, असं ते मनातल्या मनात म्हणत. तिथल्या पाण्याच्या टाकीच्या कोनशिलेचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. तिच्यावर ठेकेदाराच्या मेहुण्याचंसुद्धा नाव होतं. त्यांचं नव्हतं, आणि ते त्यांना अजून लागत होतं.

दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही वर्षं वाचून काढली.

"हा माणूस प्रत्येक सभेत बोलतो," ते म्हणाले, "आणि कारकून लिहितो, महापौरांनी समयोचित भाषण केले. म्हणजे काहीतरी बरळला. मजुरांच्या वस्तीला नळ द्यायला याने तीनदा नकार दिलाय. चौथ्या सभेत मंजुरी. कशी?"

"चेंज ऑफ हार्ट असेल."

"अध्यक्षांचं मन बदलत नाही, अनुराधा. विषयपत्रिका बदलते. हे बघ. विषय क्रमांक सहा, सभागृहात महापौरांचं तैलचित्र लावणे. विषय क्रमांक सात, वस्तीचा नळ. कारकुनाने दोन्हींचा ठराव एकच केला. चित्र हवं तर नळ द्या. मीसुद्धा सत्त्याऐंशी साली एका सत्काराला गटार जोडलं होतं."

प्रत्येक सभेखाली कारकुनाची सही होती : जोसाया पेक. ठराव पेक यांनी तयार केला, असं एक वाक्य अनुराधाने चरित्रात घातलं. मुरलीधररावांनी ते दोनदा वाचून घेतलं.

संध्याकाळी एडिटरची मेल आली. मजकूर उत्तम, पेकचं वाक्य काढावं, हे पान महापौरांचं आहे.

"सॉरी बाबा," अनुराधाचा चेहरा पडला. "काढावं लागेल."

मुरलीधररावांना फार वाईट वाटलं, आपलंच नाव खोडलं गेल्यासारखं. पण वरून आलेला शेरा त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता.

"काढ. त्यांचं बरोबर आहे. संदर्भ देण्याचा नियम काय?"

"डॉक्युमेंटचं नाव, साल, लिहिणाऱ्याचं नाव. कम्पल्सरी."

"मग नियमाप्रमाणे दे. सभांचं इतिवृत्त, लेखक जोसाया पेक. हा किती वर्षं होता तिथे?"

अनुराधाने तपासलं. सव्वीस वर्षं, नऊ महापौर. मग तिने नऊही पानांखाली तो संदर्भ घातला. एडिटरने संदर्भांबद्दल खास आभार मानले.

अस्मीने मागून स्क्रीनवर नजर टाकली. "वेट, आजोबा, धिस पेक गाय इज ऑन नाइन पेजेस! वॉज ही द बॉस?"

"नाही," मुरलीधरराव म्हणाले. "कारकून होता."

अनुराधा लॅपटॉप मिटता मिटता थांबली. "बाबा, तुमच्या इतिवृत्तांखाली सही कुणाची असायची?"

"माझीच. अकराही जणांच्या."

"मग वाचेल कुणीतरी."

मुरलीधररावांनी मनात वजाबाकी केली. पेकला दीडशे वर्षं लागली होती.

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.