काचेचा मडगार्ड

मित्रांनो, मी मोटरसायकलच्या पुढच्या चाकावरचा एक जुना मडगार्ड आहे. लोखंडाचा नव्हे, काचेच्या कापडाचा आणि राळेचा, ज्याला तुम्ही फायबर म्हणता त्याचा. लोखंडी मडगार्डांविषयी मला कधी आदर वाटला नाही. मांडव्याच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांची बघता बघता चाळण होते. पण खरं सांगायचं तर लोखंडापेक्षा मला माणसांचाच तिटकारा अधिक. का, ते ऐका.

१९६६ साली मांडव्याच्या कोळीवाड्यात, चंदरच्या पडवीत माझा जन्म झाला. चंदर मुंबईत होड्या बांधायच्या एका कारखान्यात होता. तिथे काचेच्या कापडाच्या हलक्या होड्या करायला लागले होते. ते काम हाताला लागलं, तसा साहेबाशी भांडून हा घरी आला. "दुसऱ्याच्या होड्या कशाला घडवू? माजं मी करीन," असं तो दिसेल त्याला सांगे.

भाताच्या गिरणीचे मालक रावजी यांच्या मोटरसायकलचा मडगार्ड गंजून गळायला आला होता. चंदरने तो मागून आणला, भोकं बुजवली, वर मेण चोळलं आणि प्लास्टरचा साचा काढला. साच्यात काचेचं कापड अंथरलं, राळेत ती कडक करणारं औषध मिसळलं आणि ब्रशने थरावर थर चढवले. राळ तापली, आवळली, आणि मी साच्यातून सुटलो. मग काचकागदाने घासून त्याने मला गुळगुळीत केलं. माझ्या अंगची पांढरी भुकटी घरभर उडाली. ती कुठे जाऊन बसली, हे कोणी पाहिलं नाही. सगळे माझी चकाकी बघत होते.

रावजींनी तर मला धक्क्यावर मिरवलं. "वाजवून बघा! याच्यापुढे लोखंड म्हणजे कागद!" ज्या माणसाला स्वतःच्या गिरणीचा पट्टा चढवता येत नसे, तो माझ्यावर व्याख्यानं देई आणि ऐकणारे माना डोलावत. मला शिसारी येई.

मग चंदरकडे रीघ लागली. कुणाला साखळीचं झाकण हवं, कुणाला दिव्याभोवतीची टोपी. रावजींनीही गाडी आणखी काही भाग घडवण्यासाठी त्याच्या अंगणात आणून लावली. चंदरचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पत्र्याचे मडगार्ड ठोकणाऱ्या गावच्या कारागिराला तो आता हिणवून "डबेवाला" म्हणू लागला.

त्याची बायको नीराबाई वाळवलेले बोंबील विकून घर चालवायची. त्यांची लहानगी लेक शकू अंग खाजवून खाजवून लाल करू लागली.

"आवो, पोरीचं आंग बगा," नीराबाई म्हणाली. "त्या काचेची कुसं हाईत ही. गोधडीत पन टोचतात. ह्यो धंदा घराभाईर न्या."

"तुला काय कळतं यातलं? घामोळं हाय ते."

"घामोळं टोचत न्हाय."

चंदर हसला आणि पुन्हा घासायला बसला. असलं हसू मी पुष्कळ पाहिलं आहे. बायकोचं खरं असलं, की नवरे तसे हसतात.

एके सकाळी शकूचा डोळा सुजून बंद झाला. ती किंचाळू लागली. आता मात्र चंदर घाबरला. त्याने रावजींची मोटरसायकल काढली, मागे नीराबाई पोरीला पोटाशी धरून बसली, आणि आम्ही अलिबागच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो.

चोंढीच्या नाक्यावर ओळखीच्या काही जणांनी हात केला. मित्रांनो, चंदर थांबला! "ह्योच का तो काचेचा?" एकाने विचारलं. चंदर गाडीवर बसूनच बोलू लागला. "व्हय, माज्या हातचा. दगड मार, चरा पडायचा न्हाय." कुणी मला बोटांनी वाजवलं, कुणी माझ्यात स्वतःचं तोंड पाहून केस सारखे केले. मागे पोर रडत होती आणि ही मंडळी भांग पाडत होती. थुंकता येत असतं, तर मी त्या दिवशी थुंकलो असतो.

नीराबाईने पोरीला पदराखाली घेतलं. ती उतरली, समोर उभ्या असलेल्या अलिबागच्या एस्.टी.त चढली आणि गाडी सुटली. चंदर बोलतच होता. "बाई गेली की रं!" असं कुणीतरी म्हटलं, तेव्हा त्याने मागे पाहिलं.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर शकूचा डोळा धूत होते. काचेचे बारीक तंतू निघाले. डोळा वाचला, पण बुबुळावर एक पांढरा ठिपका कायमचा राहिला. दवाखान्याच्या पायरीवर नीराबाई एवढंच म्हणाली, "मी म्हायेरी चालले. घरात काचेचं एक बी कूस राहिलं न्हाय, की बोलवा."

चंदर आधी फुगून बसला. गावात तिला नावं ठेवली. पण रिकाम्या घरात एकदा तो स्वतःच शकूच्या गोधडीवर आडवा झाला आणि रात्रभर पाठ खाजवत राहिला. सकाळी त्याने सगळे साचे उचलले आणि दूर किनाऱ्यावर माडाच्या विणलेल्या झापांची खोप उभी केली. कामाचे कपडे तिथेच, आंघोळही तिथेच. अंथरुणं जाळली, जमीन पुन्हा पुन्हा सारवली. मग तो बोलवायला गेला.

नीराबाई आली. अंगणात मी होतो. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. नवी गोधडी उचलून तिने स्वतःच्या गालावर घासली, ओठांवर घासली. बराच वेळ. चंदर दाराशी मान खाली घालून उभा होता. मग तिने शकूला कडेवरून उतरवून त्या गोधडीवर ठेवलं.

तिच्याविषयी माझ्या मनात तिटकारा नाही. आयुष्यात तेवढी एकच व्यक्ती.

रावजींची गाडी कधीच भंगारात गेली; आता मी चंदरच्या खोपीमागे पडून आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मी कुजत नाही, गंजत नाही, मला तुमची गरज नाही. घरात काही घडवाल, तेव्हा त्याची चकाकी मागाहून बघा. आधी घरातल्या लेकराचं अंथरूण आपल्या गालावर घासून पाहा.