आधी कोणाचा माल?

“तुफानात आधी कोणाचा माल दर्यात फेकलास?” गोपीनाथपंतांनी विचारले.

प्रश्न तारू हाकणाऱ्या काळुराम तांडेलाला होता. ठाणे बंदरावरच्या वखारीत तीन पंच बसले होते. एक तारवाचे मालक रतनशेट यांनी नेमलेला, एक मस्कतच्या खजूरवाल्याच्या मुनिमाने, आणि मधले गोपीनाथपंत, पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. दोन्ही पक्षांचा त्यांच्यावर सारखाच अविश्वास असल्यामुळे त्यांची निवड एकमताने झाली होती. कोर्टात गेले असते तर निकाल नातवंडांनी ऐकला असता. इथे तो जेवणाआधी लागणार होता.

दर्यावरचा रिवाज साधा होता. तारू बुडू लागले की तांडेलाने आधी स्वतःचा माल फेकायचा, मग दुसऱ्याचा. तसे केले असेल तर नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचे. नसेल तर सारे तारवाच्या मालकाच्या डोक्यावर, आणि तांडेलाच्या हातून सुकाणू कायमचे गेले.

“अरे बोल की,” रतनशेट म्हणाले. “तुझंच गाठोडं आधी टाकलंस ना?”

“शब्द तोंडात घालू नका, शेट,” मुनीम म्हणाला. “आमचा खजूर माशांनी खाल्ला. गोड होता का, एवढं तरी विचारा त्याला.”

कोणी हसले नाही.

“काळुराम, नीट आठव,” पंत म्हणाले. “काळोख, लाटा. तुझंच गाठोडं आधी गेलं असेल.” सबंध नोकरीत पंतांनी कुणाला फुकट एवढी मदत केली नव्हती.

दाराशी उभा असलेला काळुरामचा पुतण्या आनंदा ‘हो म्हण’ म्हणून मान हलवत होता.

“नाय, पंत,” काळुराम म्हणाला. “गाठोड्यान पोरीच्या लग्नाचा कापर व्हता, लुगरी-चोल्या. भिजंल म्हनून मीच खजुराचे खाली ठेवला. तुफान आला तवा वरचा खजूर फेकला. खाली हात पोचेस्तोवर वारा परला, दर्या निवला. कापर घरी हाय.”

“गाढवा, बुडवलंस मला!” रतनशेट ओरडले.

“तारू नाय ना बुरवला, शेट.”

निकाल जेवणाआधीच लागला.

दुपारच्या भरतीला तारू हलले. सुकाणूवर आनंदा होता. काळुराम पुढच्या टोकाला उभा राहून बांबूने खाडीचा तळ चाचपत होता. हे काम नव्या खलाशाचे.

“काका, पाणी किती?” आनंदाने हळूच विचारले.

“मोठ्यान इचार, तांडेल,” काळुराम मागे न बघता म्हणाला. “खलाशांना ऐकू गेला पायजे.”