बैलाची मान

लिनहार्टने जाण्याआधी कोरलेला चित्रछपाईचा शेवटचा लाकडी ठोकळा बैल आणि अस्वलाच्या झुंजीचा होता. अस्वल पाठीवर चढलेलं, नखं रुतलेली, तरी बैलाची मान ताठ. बैल म्हणजे नांगर टाकून उठलेले शेतकरी आणि अस्वल म्हणजे त्यांचे सरदार, हे न्यूरेंबर्गच्या बाजारात शेंबड्या पोरालाही कळत होतं. ठोकळा पुरा झाला आणि लिनहार्ट स्वतःच त्या शेतकऱ्यांना जाऊन मिळाला. उन्हाळ्यात ते हरले. वुर्झबर्गला त्याची मान उडवल्याची खबर आली, प्रेत काही आलं नाही.

त्याची बायको कुनिगुंड, तीही कोरणारीच. छापखान्याचा मालक योब्स्ट तोच ठोकळा घेऊन तिच्या दारात आला.

"वहिनी, या बैलाचं डोकं काढ. खाली घातलेलं, जीभ लोंबणारं नवं बसव. नगरसभेचा हुकूम आहे."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर ठोकळा चुलीत, आणि आपण दोघं वेशीबाहेर. मला काय हौस आलीय?"

चुलीत जाण्यापेक्षा धड तरी राहील, म्हणून तिने पटाशी उचलली. नवऱ्याने कोरलेल्या मानेवर ती टेकवली आणि हातोडी मारली. डोकं निघालं. तिथे बसवायला चांगलं वाळलेलं नासपतीचं लाकूड फळीवर होतं. तिने मुद्दाम ओलं घेतलं.

लाकूड वाळून आकसलं. छापलेल्या कागदावर बैलाच्या मानेवरून आरपार एक बारीक पांढरी रेघ उमटली.

योब्स्टने कपाळाला हात लावला. "अगं, सांधा दिसतोय! नवशिकासुद्धा असलं काम करणार नाही. मेण भर त्यात."

"नाही भरत."

तिच्याकडे बघता बघता ती रेघ कशाची ते त्याच्या लक्षात आलं. लिनहार्ट त्याचाही दोस्त होता. "मलाही मान आहे गं, माझीही उडेल," तो पुटपुटला, तरी तसेच कागद छापायला लागला.

सभेच्या माणसाला खाली घातलेलं डोकं तेवढं दिसलं. त्याने खुशीत परवानगी दिली.

कुनिगुंड बाजारात ते कागद विकायला बसली, तेव्हा खेड्यातली एक बाई तिच्या दुकानापाशी थांबली. बराच वेळ चित्र बघून तिने त्या पांढऱ्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं.

"कुठे?" कुनिगुंडने विचारलं.

"बांबर्गला. थोरला लेक माझा. आणि तुमचं?"

"वुर्झबर्गला. नवरा."

कुनिगुंडने बाकावर सरकून तिला जागा करून दिली.