चांदीची चार वेढी

पद्माच्या डाव्या पायातलं जोडवं सगळीकडून सारखं काळं पडलं नव्हतं. शेजारचं बोट जिथे घासत होतं तिथे ते अजून पांढरं होतं. कडेला फिकट पिवळं, त्याच्या आत तपकिरी, आणि खालच्या बाजूला, मांसाला चिकटून बसे तिथे, निळसर काळं. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून तिने ते बोटातल्या बोटात फिरवून पाहिलं. रंगांचा हा क्रम तिच्या ओळखीचा होता. चांदीवरचा थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. पिवळा कालपरवाचा, काळा त्याच्या आधीचा. आणि गेल्याच आठवड्यात तिने दोन्ही जोडवी रांगोळीने घासून लख्ख केली होती.

बाहेर सासूबाईंची बादली वाजली, तसा तिने पाय साडीखाली ओढून घेतला.

चिंचवड गावठाणातल्या त्या घरात ती सून होऊन आली त्याला दीड वर्ष झालं होतं. माहेर जुन्नरचं, वडील शाळामास्तर, आणि ती रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. सासरची मंडळी मूळची शेतकरी. निगडीकडची जमीन प्राधिकरणात गेल्यापासून सासऱ्यांचा, नानासाहेबांचा, दिवस ओट्यावर जायचा आणि नवरा सयाजी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. पद्मा पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला जायची. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एवढीच एक अट घातली होती, आणि सासूबाईंनी, शालनबाईंनी, ती मान्य केली होती. पण मान्य करणं आणि गळी उतरणं यांत अंतर असतं.

लग्नानंतर महिना-दीड महिन्यातच जोडवी काळी पडली. शालनबाईंनी ती सुनेच्या पायात पाहिली आणि भाकरी थापता थापता विचारलं, "तुझ्या अंगात इख हाय का काय गं?"

विचारलं होतं तसं हसतच. पण पद्मा नवी होती, हुशार होती, आणि तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तशी ती लगेच बोलून गेली, "माझं काही नाही त्यात, आत्याबाई. प्रयोगशाळेत आम्ही एक वायू वापरतो, सडक्या अंड्यासारखा वास असतो त्याला. त्यानं चांदी काळी पडते."

उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते तिने तपासलेलंही नव्हतं. शालनबाईंनी ते नीट ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, आणि पाणी फिरवता फिरवता म्हणाल्या, "ज्या वायूनं चांदी काळी व्हती, त्यानं आतडी पांढरी ऱ्हात्यात व्हय?"

प्रश्न चांगला होता.

तेव्हापासून नोकरीचा विषय निघाला की वायू निघायचा. पद्माला खोकला आला तरी वायू, भूक नसली तरी वायू. नळावर पाण्याला उभ्या असलेल्या बायकाही विचारायच्या, "मास्तरणीबाई, कमी झाला का वायू?" ती मास्तरणीही नव्हती. अवघ्या गल्लीला त्या वायूचा वास येत होता आणि तो तिनेच सोडला होता.

आता धाकट्या नणंदेचं, इंद्रायणीचं, लग्न ठरलं. लग्न निघालं की देवघरातले चांदीचे टाक सोनाराकडे उजळायला जात. उजळून आले की थोरल्या सुनेने ते स्वतःच्या हाताने धुवायचे आणि चौरंगावर मांडायचे, मगच पुढचं कार्य, अशी त्या घरची रीत होती. खंडोबाचा टाक तर शालनबाईंच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. शालनबाईंनी सरळ सांगितलं, "नोकरी सोड. पंधरा दिसांत वायू निघून जाईल अंगातनं. मग धू देव. काळ्या हातानं न्हाई धुवू देणार मी."

त्याच आठवड्यात कारखान्यात मोठ्या साहेबांनी पद्माला बोलावून घेतलं. "तुम्हाला कायम करायचं ठरतंय, पद्माबाई. पण लग्न झालेल्या बायका वर्षभरात सोडून जातात असं वरच्यांचं म्हणणं आहे. तेव्हा नक्की काय ते सांगा. लग्नाची रजा घेताय ना, घ्या. रजा संपल्यावरच्या शनिवारी हो किंवा नाही."

हे तिने फक्त सयाजीला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी परत विचारलं तर म्हणाला, "इंदूचं लग्न तर होऊ दे." त्याच्या बोलण्यात विरोध नव्हता, आणि त्यात धरून ठेवावं असंही काही नव्हतं.

पंधरवड्याची रजा सुरू झाली, आणि पद्माला घरात बसवेना. हात रिकामे राहिले की ती अस्वस्थ व्हायची. पापड लाटताना मन भलतीकडे जायचं, हळद दळायला नेताना वाटेत थांबून जोडवं फिरवून बघायची. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पाय आपोआप चपलांकडे वळायचे. एकच विचार फिरून फिरून यायचा. पंधरा दिवस तो वायू आसपास नाही. मग आता चांदी काळी पडली तर?

तिने सोनाराकडून एकाच तारेची चार वेढी करून घेतली, साधी, नक्षी नसलेली. एक तुलनेसाठी घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवलं. एक स्वतःच्या हाताच्या बोटात घातलं. एक इंद्रायणीला दिलं.

"हे काय, वहिनी, माझं लग्न लागलं की काय आत्ताच?" इंद्रायणी म्हणाली.

"लग्नापर्यंत घाल. काढायचं नाही, घासायचं नाही."

"आणि काळं पडलं तर मोडणार का माझं लग्न?"

"तसं मोडत असतं तर माझं टिकलंच नसतं."

चौथं सयाजीसाठी होतं. त्याने संध्याकाळी ते घातलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतून खिशात घालून आणलं. यंत्रापाशी अंगठी चालत नाही, उलट ती त्यानेच कामगारांना ओरडून काढायला लावायची असते. वेढं फडताळात पडलं. तिथून ते शालनबाईंनी उचललं.

"ही कशाची परीक्षा चाललीय गं?"

पद्माने सांगितलं. शालनबाईंनी वेढं बोटात घालून पाहिलं, घट्ट होत होतं, तरी सांध्यावरून खाली सारलं. "मला बी बगू दे. मी कुठं कंपनीत जाती? माझं पांढरंच ऱ्हाईल."

दिवस जात राहिले. मांडवाचे बांबू आले, आमंत्रणं गेली. इंद्रायणीचं वेढं जसंच्या तसं होतं. बाटलीतलं तर होतंच. पद्माचं वेढं आधी पिवळसर झालं, मग तपकिरी. रजेच्या सुरुवातीला घासलेली जोडवीही त्याच वाटेने गेली. ती रोज सकाळी उजेडात हात धरून बघायची आणि रोज काहीतरी सबब शोधायची. कांदा चिरते म्हणून असेल. लसूण सोलते म्हणून असेल. पण कांदा-लसूण इंद्रायणीही तिच्याच शेजारी बसून निवडत होती.

शालनबाईंचं वेढं मात्र लख्ख होतं, बाटलीतल्याहून लख्ख. पद्माला ते खटकलं. एका दुपारी सासूबाईंच्या केसांना तेल लावताना तिने त्यांचा हात हातात घेऊन वेढं निरखलं. वेढ्याच्या जोडाच्या फटीत राखाडी भुकटी अडकली होती.

"आत्याबाई, तुम्ही हे घासलंत."

"मग?"

"घासायचं नाही म्हणून सांगितलं होतं मी."

"काळं घालून फिरू का चार पावण्यांत? रोज राख लावती मी. जोडव्यांना बी लावती, वाळ्यांना बी. आईनं शिकवलंय. बाईमाणसाची चांदी झाकली पायजे न्हाईतर घासली पायजे."

"म्हणजे तुमचीही काळी पडते."

"वाईच. तुझ्यासारखी न्हाई." शालनबाईंनी हात सोडवून घेतला. "तेल लाव. टाळूवर लाव जरा."

तेल लावून झालं, पण पद्माच्या डोक्यातलं चक्र थांबेना. सासूबाईंचं थोडं, आपलं फार, इंद्रायणीचं जवळजवळ नाहीच. एकाच घरातलं पाणी, एकाच चुलीवरचं अन्न. माणसाच्या घामात मीठ असतं, गंधक असलेले अंश असतात, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. तिने ते कॉलेजात वाचलेलं नव्हतं, पण प्रयोगशाळेतल्या कुणीही ताडलं असतं. तिनेच ताडलं नव्हतं, कारण वायूवर ढकलणं सोपं होतं. कारखान्यात वायूने भर पडत असेलही. पण मूळ कारण तिची कातडी होती.

आणि इथेच ती अडकली. वायू आहे म्हणावं तर नोकरी सोडावी लागणार. वायू नाही म्हणावं तर सासूबाईंचं पहिल्या दिवसाचं बोलणं खरं ठरणार, अंगातच काहीतरी आहे, देवाला चालत नाही असं काहीतरी.

तिने सयाजीला गच्चीवर गाठलं. तो मांडवाच्या दोऱ्या मोजत होता.

"रजेतही काळं पडलं," तिने हात पुढे केला. "वायूनं नाही. माझ्या अंगानंच."

त्याने वेढं पाहिलं. "मग सांगू नकोस."

"आत्याबाई विचारणार."

"विचारलं तर म्हण, कमी होतंय. लग्न पार पडेल. मग बघू."

"शनिवारी साहेबांना काय सांगू? बघू?"

सयाजीने दोरीला गाठ मारली, ती सुटली, परत मारली. "तू माझ्यावर का चिडतेस? मी कधी नाही म्हटलं का तुला?"

"नाही. कधीच नाही म्हटलं नाहीत. हो पण म्हटलं नाहीत." ती खाली निघून आली.

रजेच्या शेवटच्या शुक्रवारी, लग्न दोन दिवसांवर आलं असताना, नानासाहेब सोनाराकडून टाक घेऊन आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं गाठोडं त्यांनी माजघरात पाटावर सोडलं. पाचही टाक नव्या नाण्यासारखे चकाकत होते. खंडोबाच्या घोड्याचे पायसुद्धा उठून दिसत होते, जे पद्माने आजवर पाहिलेच नव्हते. इंद्रायणी तांब्यात पाणी आणि वाटीत दूध घेऊन आली. सयाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी त्याला दुसरी शिफ्ट होती, तरी तो गेला नव्हता.

"ये हिकडं," शालनबाई पद्माला म्हणाल्या. "पंधरा दिस झालं वायू न्हाई. वेढं दाव."

पद्माने हात पुढे केला. वेढं बोटात काळं, कडेला निळसर.

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग सयाजी खाकरला. "आई, आधीचा वायू मुरलेला असतो अंगात. असा पंधरवड्यात जातोय व्हय? दोन-चार महिने लागतील."

पद्माने त्याच्याकडे पाहिलं. तो तिला वाचवत होता, आणि त्याच वाक्यात तिची नोकरी घालवत होता. त्याला ते कळतही नसावं. त्याच्या चेहऱ्यावर, आता तरी तू गप्प बस, एवढंच होतं. गप्प बसणं सोपं होतं. दीड वर्ष तिने तेच केलं होतं, आणि दर खेपेला तो वायू थोडा थोडा दाट होत गेला होता.

"नाही," ती म्हणाली. "मुरलेला वगैरे काही नाही. चांदी माझ्या अंगानं काळी पडते."

"म्हंजी मी म्हनत व्हते त्येच," शालनबाई म्हणाल्या.

"हो. तुम्ही म्हणत होता तेच. माझ्या घामात आहे. तुमच्याही आहे, माझ्यापेक्षा कमी. इंदूच्या त्याहून कमी."

"माझं नाव नको, वहिनी," इंद्रायणी पुटपुटली.

"रोग न्हाई म्हनतीस?"

"रोग नाही. कुणाचे केस लवकर पिकतात, कुणाचे उशिरा. तसंच हे."

शालनबाईंनी पाटावरच्या टाकांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या बोटातलं वेढं सकाळीच घासलेलं होतं. तो हात त्यांनी पदराखाली घेतला. "आन देवाचं? देव ह्यो असा काळा करायचा व्हय गं तुझ्या हातानं?"

"माझा हात लागला तर टाक लवकर काळे पडतील, तुमचा लागला तर उशिरा. घासावे तर लागणारच. देव कुणी धुवायचे ते तुम्ही सांगा, आत्याबाई. तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे. राग धरणार नाही."

नानासाहेब ओट्याकडे वळता वळता थांबले. "सोनार म्हनत व्हता, टाक दर दोन वर्सांनी आनत जा उजळायला. कुणाच्या बी घरचं असू द्या."

"तुमी गप बसा वो," शालनबाई म्हणाल्या, पण त्यांचे डोळे सुनेवरून हलले नव्हते. सून एक गोष्ट मान्य आहे म्हणाली, याचा अर्थ दुसरी कुठलीतरी मान्य नाही, हे ओळखायला त्यांना शाळा लागत नव्हती. "देवाचं मी सांगीन काय ते. पर नोकरीचं तू बोलली न्हाईस. वायू न्हाई म्हनतीस. मग सोडायची म्हनत व्हते, त्याचं काय?"

पद्माने सयाजीकडे पाहिलं नाही. तिचे हात कधीचे एकमेकांत अडकले होते, ते तिने सोडवले.

"नोकरी मी सोडणार नाही. उद्या साहेबांना कायम करा म्हणून सांगणार आहे."